कॅनवरची रेघ

गेली वीसेक वर्षं मी शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या लोकांकडून काही ना काही गोळा करून शहरात पाठवत आलो. क्षयाच्या पाहणीत थुंकी, रक्तक्षयाच्या पाहणीत बोटातलं रक्त, कुपोषणाच्या पाहणीत पोरांच्या दंडाची मापं. साप चावून वाचलेल्या माणसांना तो साप कसा होता हे विचारत टोकावड्याच्या पुढे घाटाच्या पायथ्यापर्यंत हिंडलो. दर वेळी नवी बॅग आणि नवा फॉर्म. लोक मला सर म्हणत, म्हातारी माणसं डॉक्टर म्हणत. मी बारावी झालेला माणूस आहे. गोळा केलेल्या गोष्टींचं पुढे काय झालं हे एकाही गावाला कुणी परत येऊन सांगितलं नाही. मीही कधी विचारलं नाही. संशोधन म्हणजे एका बाजूने जाणारी एसटी, असं मी धरून चाललो होतो.

शेवटची पाहणी मिठाची होती. ग्रामीण माणूस रोज किती मीठ खातो आणि त्याने त्याचं रक्तदाब-मूत्रपिंड कसं बिघडतं, हा प्रश्न. फॉर्ममध्ये सॉस, वेफर्स, नूडल्स किती वेळा खाता, असे रकाने होते. सुकटीला रकाना नव्हता. धसईच्या बाजारात सुकी मासळी घेऊन बसणाऱ्या बाईला विचारलं असतं तर तिने मिठाचा सगळा हिशेब एका दुपारात सांगितला असता. पण तिला विचारून शोधनिबंध होत नाही. त्यासाठी चोवीस तासांची लघवी लागते.

पद्धत अशी. माणसाला पाच लिटरचा पांढरा कॅन द्यायचा. सकाळची पहिली लघवी सोडायची, नंतरची दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंतची सगळी त्यात धरायची. कॅनवर खालच्या बाजूला एक काळी रेघ. रेघेच्या खाली भरलेला कॅन म्हणजे नमुना अपूर्ण, तो बाद, पुन्हा त्या माणसाकडे जायचं. मोठ्या सरांनी, म्हणजे पाहणीच्या प्रमुख डॉक्टरांनी, शहापुरात गार खोलीत बसवून आम्हाला हे पडद्यावर दाखवलं. पडद्यावरच्या चित्रातल्या बाईच्या घरात टाइल्सचा संडास होता.

दिवाळीनंतर भाताच्या झोडणीचे दिवस. मी किन्हवलीहून मोटरसायकलवर निघायचो आणि धसईच्या पुढच्या एका गावात कॅन वाटायचो. सोबत तिथल्या आशाताई असायच्या. त्या नसत्या तर मला कुणी दारात उभं केलं नसतं. दोनच दिवसांत माझं नाव मुतवाला सर पडलं. पुरुषांचे कॅन रेघेच्या वर सहज जायचे. बायकांचे रेघेच्या अर्ध्यावरही येत नसत. खळ्यावर चार पुरुषांच्या देखत पांढरा कॅन घेऊन आडोशाला कोण जाणार? ज्यांच्या घरी सरकारी संडास होता त्यात कोंडा नाहीतर लाकडं भरलेली.

बौद्धवाडीतल्या एका मावशीने मला कारण सरळ सांगितलं होतं. साठीची बाई, नवरा गेलेला, मुलगा भिवंडीला गोदामात कामाला. ती म्हणाली, "सर, बाई मानूस सकाळपासून पानीच पीत नाय. पिली तर जायला लागतं. मंग तुमचा कॅन काय विहिरीतून भरू?"

मी हसलो. फॉर्मच्या शेवटी 'शेरा' असा रकाना होता. तो कोरा ठेवला.

आता मुद्द्याचं सांगतो. बाद झालेला कॅन घेऊन परक्या बाईच्या दारात पुन्हा उभं राहायचं आणि काल तुझं कमी पडलं म्हणायचं, याची मला लाज वाटायची. वरून मोठ्या सरांचा रोज फोन, तुमच्या भागात बाद नमुने इतके का? तेव्हा धसईच्या अलीकडे वळणावर करवंदीच्या जाळीमागे गाडी लावून मी बायकांचे कॅन रेघेपर्यंत आणू लागलो. माझ्या स्वतःच्या लघवीने. आधी टपरीवर दोन चहा आणि पोटभर पाणी. एका सकाळी दोन-तीन कॅन व्हायचे. बौद्धवाडीचे कॅन सगळ्यात रिकामे असायचे म्हणून तिथे माझी भर सगळ्यात जास्त पडली. शहापूरच्या बाजूचा माझा सहकारी माझ्यापेक्षा हुशार होता. तो पाणी घालायचा.

माझे नमुने आता बाद होत नव्हते. सरांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं आणि मी ते घेतलं.

होळीच्या सुमारास अहवाल आला आणि शहरात खळबळ उडाली. धसईकडच्या त्या एका गावातल्या बायकांच्या लघवीत प्रथिनं जात होती, म्हणजे मूत्रपिंडं गळत होती. पुरुषांना काही नाही, फक्त बायका, आणि बौद्धवाडीत सर्वाधिक. मोठे सर गाडीतून आले, सोबत आणखी दोघे. मी त्यांना रस्ता दाखवत होतो. गाडीत त्यांचं बोलणं चालू होतं. स्नायूंतून तयार होऊन लघवीत उतरणारा एक पदार्थ असतो, तो पुरुषांत जास्त आणि बायकांत कमी. इथल्या बायकांत तो पुरुषांइतका निघाला होता. चौथी-पाचवीतल्या मुलाने विचारलं असतं की कॅनमध्ये पुरुष आला कुठून. सर म्हणाले, "इथल्या बायका फार कष्ट करतात. स्नायू पुरुषी झालेत." दुसऱ्याने ते लगेच टिपून घेतलं. मला तेव्हाही कळलं नाही, कारण स्वतःला रोग असेल हे माझ्या डोक्यातच नव्हतं. कळलं असतं तरी मी बोललो नसतो, हे आज लिहून टाकतो.

कारण शोधायचं तर पाण्यापासून सुरुवात करतात. बौद्धवाडीची विहीर त्या मावशीच्या शेतात आहे. धम्म स्वीकारल्यावर तिच्या सासऱ्याने आणि त्याच्या भावांनी ती खणली, दुसऱ्याच्या विहिरीवर ओंजळ पसरून उभं राहायला लागू नये म्हणून. वरच्या आळीची विहीर एप्रिलअखेर तळ दाखवू लागते, हिला मेअखेरपर्यंत पाणी. त्यामुळे गेली काही वर्षं वरच्या आळीच्या बायकाही गुपचूप इथे हंडे आणू लागल्या होत्या. मी वरच्या आळीसारख्याच सवर्ण शेतकरी घरातला. असल्या विहिरींबद्दल आमच्या घरात काय बोललं जायचं ते मला पाठ आहे.

पाण्याचे नमुने गेले. खबरदारी म्हणून ग्रामपंचायतीने कठड्यावर लाल रंगाने 'पाणी पिण्यास अयोग्य' असं लिहिलं. पहिला अहवाल स्वच्छ आला. तेव्हा सर म्हणाले, नेहमीच्या तपासण्यांत न सापडणारं काहीतरी आहे. दुसराही स्वच्छ आला, तेव्हा ते आणखी खूश झाले. पाणी जितकं निर्दोष ठरत होतं तितका त्यांचा शोध मोठा होत होता. धरणांतून याच तालुक्यांचं पाणी नळाने घरी पिणारी ही माणसं त्या विहिरीकडे अशी बघत, जणू तिच्यात कुणी विष कालवलंय. कालवणारा त्यांच्या बाजूलाच बाटल्यांना चिठ्ठ्या चिकटवत होता.

बौद्धवाडीच्या बायका आता ओढ्यापलीकडच्या बोअरिंगवर जाऊ लागल्या, चढ चढून, दोन फेऱ्यांत सकाळ संपायची. वरच्या आळीने विहीर सोडलीच, शिवाय मावशीच्या घरी पाणी पिणंही सोडलं. आशाताईंनी मला सांगितलं की वरच्या आळीत हळदीकुंकवाला आलेली एक बाई म्हणाली, आम्हाला आधीच शंका होती. कसली शंका, ते तिने सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती.

एप्रिलच्या सुरुवातीला माझे पाय सुजले. बायकोने हट्ट धरून मुरबाडच्या लॅबमध्ये नेलं. रिपोर्ट हातात आला. साखर वाढलेली, आणि लघवीत प्रथिनं भरपूर. लॅबच्या बाकावर बसून मी तो कागद पुन्हा पुन्हा वाचला. अख्ख्या गावाचा रोग माझ्या एकट्याच्या नावावर तिथे छापलेला होता. बायको विचारत होती, एवढं काय लिहिलंय? मी म्हटलं, साखर.

त्यानंतर तीन आठवडे मी गप्प बसलो. बायका चढ चढत होत्या आणि मी गोळ्या घेत होतो. त्या दिवसांचं मला काही समर्थन नाही.

शेवटी मोठ्या सरांना सांगितलं. त्यांनी माझ्या बॅगेकडे पाहिलं. मग विचारलं, किती कॅन? आठवत नाही म्हटलं. निबंध पुढे गेला होता, परिषदेत वाचूनही झाला होता. ते म्हणाले, तुमचा आजार हा योगायोगही असू शकतो. मग म्हणाले की तुमच्याबद्दल मी कुणाला काही सांगणार नाही, जणू मी तेच मागायला आलो होतो. विहिरीचं काय, म्हटलं. "ते ग्रामपंचायतीने लिहिलंय," ते म्हणाले. "आम्ही नाही."

मी दुसऱ्या दिवशी मावशीकडे गेलो. ती ओटीवर वाल सोलत होती. आशाताई बाजूला होत्या. मी सगळं सांगितलं, करवंदीच्या जाळीमागचंही. तिने हातातला वाल खाली ठेवला.

"म्हंजे आमच्या कॅनात तू मुतलास."

"हो."

"आनि रोग तुजा."

"हो, मावशी."

आशाताईंना हसू आलं आणि ते दाबताना खोकला आला. मावशी हसली नाही. म्हणाली, "मी तुला सांगलेलं ना, आमी पानी पीत नाय म्हनून? ते लिवलं असतंस तर बरं. खरं व्हतं ते."

हे मला मोठ्या सरांनी म्हणायला हवं होतं. अपुरा कॅन हीच तर माहिती होती. संडासात लाकडं भरलेल्या गावात बाया दिवसभर तहानलेल्या राहतात, हे त्या रेघेच्या खाली स्पष्ट दिसत होतं, आणि मी ते रोज सकाळी भरून टाकत होतो.

उन्हातून आलो होतो, घसा कोरडा पडला होता. मी पाणी मागितलं. खरं सांगायचं तर तहानेपेक्षा तिच्या हातचं पाणी प्यायलो की सुटलो, असा हिशेब मनात होता. तिला तो कळला.

"नाय देनार," ती म्हणाली. "इथं पिऊन तू मोकळा व्हशील. माजी विहीर तशीच. कागद आन. तुजा रिपोट जोड, सही कर, नि गावासमोर वाच."

ग्रामसभेत मी तो अर्ज उभा राहून वाचला. माणसं आधी हसली. मागून कुणी तरी म्हणालं, सर, सुकट कमी करा. बायका तोंडाला पदर लावून बसल्या होत्या, त्यांतल्या काहींच्या कॅनवर माझ्या हातची चिठ्ठी होती, त्यांच्याकडे मला बघता आलं नाही. ग्रामसेवक म्हणाले, पाहणी करणाऱ्या संस्थेचं पत्र असल्याशिवाय कठड्यावरचं पुसता येणार नाही. आशाताईंनी पाण्याचे दोन्ही स्वच्छ अहवाल पुढे ठेवले. मग ग्रामसेवकांनी नाइलाजाने सही केली. तरी वरच्या आळीचा एक जण उठून म्हणालाच, पण खात्री काय?

मावशी जागेवरूनच बोलली. "खात्री नाय तर नको पिऊ रे बाबा. तुमची आटली का मंग या."

तो खाली बसला.

मी नोकरी सोडली, की नोकरीने मला सोडलं, यावर घरी अजून वाद आहे. निबंध छापून आला. त्यात मूत्रपिंडाच्या आजाराचं कारण अज्ञात असल्याचं एक वाक्य आहे, आणि शेवटी स्थानिक कार्यकर्त्यांचे आभार.

रंग खरवडायला बौद्धवाडीच्या बायका विळे घेऊन गेल्या. मला कुणी बोलावलं नव्हतं, मी लांबून पाहिलं. मेच्या दुसऱ्या आठवड्यात आशाताईंचा फोन आला. वरच्या आळीची विहीर आटली होती. हंडे घेऊन बाया आल्या, मान खाली घालून. मावशी कठड्याजवळ उभी होती. मी विचारलं, काही म्हणाली का? आशाताई म्हणाल्या, नाय, बाजूला झाली तेवढी, दोर सोडायला जागा करून दिली.