टायरचं वय

२७ एप्रिल. काम एवढंच होतं, भावाच्या गाडीत हवा भरून आणायची. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माझी लेक माहेरी यायची होती, मांडीवर दोन महिन्यांचं बाळ. तिला आणायला तिचा मामा, माझा हाच भाऊ, मुराळी म्हणून दुसऱ्या दिवशी तिच्या सासरी पिंपळनेरला निघणार होता. दिवसभर शाळेत पेपर तपासून माझी पाठ धरली होती. जळगावात संध्याकाळीही भिंतींतून वाफा येत होत्या.

हवा भरताना वाकलेच होते, म्हणून टायरवरचं वाचलं. १६५/८० आर १४. पहिला आकडा मिलिमीटरमध्ये रुंदी. ऐंशी म्हणजे कडेची उंची, रुंदीच्या ऐंशी टक्के. आर म्हणजे रेडियल. रिम चौदा इंची. पुढचा आकडा वजनाचा, शेवटचं अक्षर वेगाचं. सगळं गाडीला जुळणारं. पण स्कूटीचा टायर भर रस्त्यात फुटल्यापासून मी आणखी एक गोष्ट शोधते: टायर कधी बनला ते सांगणारे, लांबट चौकटीतले चार अंक. बाहेरून दिसेनात. खाली बसून मोबाइलचा उजेड आतल्या बाजूला धरला. १८१६. म्हणजे दोन हजार सोळा सालचा अठरावा आठवडा, नऊ वर्षं होत आलेली. बाकीचे तीनही त्याच सुमाराचे.

भावाची गाडी लग्नसराईत आणि दसऱ्यालाच बाहेर निघते. दसऱ्याला तो टायरना तेल चोळतो, वर हळदकुंकू. त्यामुळे रबर काळंभोर. मी रुमालाने पुसलं, तर खाली बारीक भेगा. परतल्यावर भावाला त्या दाखवल्या.

"अक्का, काटा तर देख. नवाज शे!"

"वरची नक्षी झिजली नाही, पण रबर वाळलंय. या उन्हात फुटेल."

"आते टायरनी पत्रिका देखशी का?"

"बघते. पोरीची बघितली होती, तशीच. टायर बदल, नाहीतर भाड्याच्या गाडीने जा."

"मुराळी भाडानी गाडीमा जाई? व्याही काय म्हनतीन?"

"टायर फुटला तर गाडीत व्याही नसतील. बाळ असेल."

मला आणखी वाद घालायचं त्राण नव्हतं. गाडी माझ्या दारात लावून घेतली आणि किल्ली ठेवून घेतली.

सकाळी टायरवाल्याचं शटर वर जाण्याआधी मी पायरीवर बसले होते. नव्या टायरांचेही अंक वाचले. एक तीन वर्षं दुकानात पडलेला निघाला, तो बदलून घेतला. चारही बसल्यावर भावाला किल्ली दिली. तो फुगलेलाच पिंपळनेरला निघाला. मी लेकीला फोन केला, मामाला यायला दुपार होईल, त्याला जेवू घाल, ऊन उतरल्यावर निघा. मग शाळेत गेले.