कार्बोरेटरला दोन टपल्या

मे महिन्यातली दुपार होती, सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, आमच्या धावपट्टीपाशी वाऱ्याचा पत्ता नव्हता, आणि आमच्या दोन सीटच्या शिकाऊ विमानाच्या नाकाखाली पुन्हा निळा डाग पडला होता. विमानाचं पेट्रोल निळसर असतं, गळालं की लपत नाही. मी इथला मेकॅनिक, वय अठ्ठावन्न, गुडघे गेलेले. त्या इंजिनाखाली वाकायचं म्हटलं की जिवावर यायचं. पण चार वाजता आमची प्रशिक्षक विद्यार्थ्याला घेऊन कुणकेश्वर, देवगड करत समुद्रावरून विजयदुर्गापर्यंत जाणार होती. विमान ठीक असल्याची माझी सही झाल्याशिवाय ती चाक हलवत नसे, आणि सही झाली की एक प्रश्न विचारत नसे.

ती मालवणची, क्रिस्तांव घरातली, तिशीची. जेवायला घरी निघताना तिने विचारलं,

"काका, आज सुटतला मां ह्या?"

"बघतंय गो," मी म्हटलं. खरं तर मला घरी जाऊन आडवं व्हायचं होतं.

ती गेल्यावर इंजिनावरचं झाकण काढलं. सगळं फडक्याने कोरडं केलं, सांध्यांवर खडूची पूड भुरभुरली आणि पेट्रोलचा कॉक उघडून बसलो. नळीचा सांधा कोरडा, गॅस्केट कोरडं. दहा मिनिटांनी हवा आत घेणाऱ्या तोंडातून थेंब पडला. म्हणजे कार्बोरेटरची वाटी भरून वाहत होती. आत फ्लोट असतो, संडासाच्या फ्लशच्या टाकीत असतो तसाच. पेट्रोल पातळीला आलं की तो वर तरंगतो आणि सुईने वाट बंद करतो. इथे वाट बंद होत नव्हती.

आता कार्बोरेटर उतरवायला हवा होता. दोन तासांचं काम, तेही त्या उकाड्यात. आणि माझ्या हाताने विचार न करता स्क्रू ड्रायव्हर उलटा धरला आणि लाकडी मुठीने वाटीवर दोन टपल्या दिल्या.

हे आमच्या घरचं. वडील विजयदुर्गला होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचे. गळती लागली की दोन टपल्या. सुईखाली अडकलेला कण सुटतो, थेंब थांबतो. "वाटेत बंद पडला तर नांगर टाकूचो नि गप बसूचा," असं ते होडी चालवणाऱ्या तांडेलाला सांगत. होडीत ते चालून जायचं.

थेंब थांबला. पंधरा मिनिटं वाट पाहिली, खाली सगळं कोरडं. मला इतकं बरं वाटलं, काय सांगू. सहीसाठी नोंदवही उघडली आणि वरच्याच बाजूला माझं अक्षर दिसलं. तीन आठवड्यांपूर्वीचं. 'गळती तपासली. ठीक.'

तेव्हाही मी टपल्याच दिल्या होत्या. ये रे माझ्या मागल्या.

सही न करता वही तशीच उघडी ठेवली. मग कार्बोरेटर उतरवला. फ्लोट पितळी, आतून पोकळ. कानाशी धरून हलवला तर आत पेट्रोल डुचमळलं. डाक देऊन जोडलेल्या सांध्याजवळ केसाएवढी चीर होती. जड झालेला फ्लोट धड तरंगणार कसा? आज ना उद्या तो बुडून राहिला असता, पेट्रोलचा लोंढा जाऊन इंजिन बंद पडलं असतं, आणि खाली समुद्र. तिथे नांगर कुठे टाकणार? एवढी वर्षं हे काम करून मला हे कुणी शिकवायला नको होतं.

साडेतीनला ती स्कूटरवरून परतली, हेल्मेट हातात घेऊनच आत आली. मी फ्लोट तिच्या हातात दिला. तिनेही तो हलवून पाहिला. मग उघडी नोंदवही वाचली.

"ही सही कोणाची?"

"माझीच. तेव्हा उघडूनच बघितला नव्हता. कंटाळा केला मी," मी म्हटलं. मला तिच्याकडे बघवत नव्हतं.

"तीन आठवडे मी ह्या घेऊन रोज वर गेलंय," ती हळूच म्हणाली. विद्यार्थ्याला फोन करून तिने आजचं उड्डाण रद्द केलं. फ्लोट माझ्या टेबलावर ठेवला, हात पुसले, आणि बँकेतल्या खिडकीपाशी बोलतात तशा स्वच्छ मराठीत म्हणाली,

"नवीन फ्लोट आला की मला कळवा, सर. तुम्ही बसवताना मी इथे उभी राहीन."

चार वर्षांत ती मला कधी सर म्हणाली नव्हती.