सरकवलेली चौकट

हवं ते उत्तर येईपर्यंत पुन्हा पुन्हा मोजत राहणं, याला तुम्ही फसवणूक म्हणता का? मी म्हणत नव्हते.

मी अंधश्रद्धेविरुद्धच्या पत्रकांवर वाढले. रनाळ्याच्या आमच्या घरात त्यांचे गठ्ठे असत, आणि बाजारात ती वाटता वाटता ‘पुरावा दाखवा’ हे वाक्य माझ्या तोंडात बसलं. ते मी भगतांना ऐकवलं, पुढाऱ्यांना ऐकवलं. स्वतःला ऐकवायची वेळ आली ती पीएच.डी.च्या शेवटच्या वर्षी.

माझा विषय म्हणजे ताऱ्यांची एक जोडी. एक तारा मोठा, तापलेला. दुसरा लहानसा, पण भयंकर घट्ट. फिरता फिरता तो मोठ्याच्या जवळ आला की तिथून प्रचंड ऊर्जेचे गॅमा किरण निघावेत, हा आमचा अंदाज. ते किरण वरच्या हवेवर आदळले की निळसर उजेड क्षणभर चमकतो. दुर्बिणीचे आरसे तो टिपतात. जवळ येण्याचे दिवस कोणते धरायचे, हे आम्ही आधीच लिहून ठेवलं होतं. त्या दिवसांत काहीच सापडलं नाही.

सुट्टीत घरी आले आणि लॅपटॉपवर मी ती दिवसांची चौकट थोडी मागे सरकवली. मग पुढे. मग रुंद केली. अकराव्या वेळी आलेखात किरणांचा उंचवटा दिसला. नाचायचीच बाकी होते. संध्याकाळी माझ्या मार्गदर्शक सरांना कळवणार होते.

त्याच दुपारी आमच्या ज्वारीत पीक कापणी प्रयोग होता. कृषी सहायकाने आधीच ठरवून दिलेल्या यादीतल्या आकड्यांप्रमाणे पावलं मोजली, खुंट्या ठोकल्या, दोरी ताणली. दोरी नेमकी नाल्याकाठच्या भरघोस ज्वारीत पडली. त्या तुकड्यावरून अख्ख्या गावाचं उत्पन्न जास्त दिसणार, पीक विम्याची नुकसानभरपाई हुकणार.

“भाऊ, तठला कोपरा ल्या ना! तठे सगळं जळी गयं,” शेजारचे काका म्हणाले.

“दोरी जठे पडनी, तठेच ऱ्हाई,” आई म्हणाली.

“वहिनी, तुम्हनं पुन्य ठेवाले गाडी लागी!” एवढं पुण्य ठेवायला गाडीच लागेल, असा काकांचा टोमणा.

“तुन्हीच लई ये. जागा देखीसन लेवानी, तं मंग मोजानं कसाले?”

गाडी तुझीच आण; बघूनच जागा घ्यायची, तर मोजायचं कशाला! काका हसले. माझे मात्र कान तापले. आईला माझ्या चौकटीबद्दल काहीही ठाऊक नव्हतं.

संध्याकाळी सरांना मी सगळं लिहिलं, अकराही वेळा चौकट कशी बदलली तेसुद्धा. त्यांचा फोन आला. “बरं झालं, आधी सांगितलंस. आता लिही, सापडलं नाही. आणि किरण असलेच तर ते किती मंद असायला हवेत, तेही लिही.” प्रबंध तसाच गेला आणि तसाच मान्य झाला. आई आणि सर, दोघांचे उपकार मानायला मला पत्रकाची भाषा पुरत नाही.

तुम्हीही काही मोजणार असाल, विहिरीचं पाणी किंवा वर्गातला प्रयोग, तर कुठे आणि कधी मोजणार ते आजच कागदावर लिहा. खाली तारीख टाका. आणि तो कागद अशा माणसाकडे ठेवायला द्या, ज्याला तुमचं म्हणणं पटत नाही.