मेंदूला लावायचा प्रायमर

आमच्या शेजारी जयपालअण्णा आणि अरुणावहिनी हे जोडपं राहतं. अण्णांचं शाहूपुरीत रंगाचं दुकान. लोखंडी दारासाठी कुणी नुसता रंग मागितला तर त्याला डबा मिळत नाही, बोलणी मिळतात. "आधी रेड ऑक्साईड प्रायमरचा हात, मग रंग. न्हायतर गंज आतनं खातोय बघा!" हे त्यांनी जावयालाही पंगतीत ऐकवलंय.

गेल्या वर्षी त्यांचा उजवा हात थरथरू लागला. मी म्हटलं, "अण्णा, ब्रश न धरताच रंगवताय की!" ते हसले. अरुणावहिनी हसल्या नाहीत.

पार्किन्सन निघाला. डॉक्टरीणबाईंनी समजावलं, की मेंदूतल्या काही पेशी मरत जातात. ऑक्सिजनपासूनच तयार होणारे घातक कण त्यांना पोखरतात, लोखंडाला गंज खातो तसे. समोर कोण बसलंय हे बाईंना काय ठाऊक!

"मग गंज थांबवायचं औषध द्या की," अण्णा म्हणाले.

"खात्रीचं अजून कुणाकडंच नाही. संशोधन चालू आहे. या गोळीनं हालचाल सुधारेल."

सुधारलीही. पण या महिन्यात अण्णा वेगळेच हलू लागले. मान वळवळायची, खांदा उडायचा, खुर्चीत बसल्या बसल्या अंग डुलायचं. जिभेवर आलेली थट्टा मी गिळली. गल्लीत हे प्रथमच घडलं. वहिनी जेवताना त्यांचं ताट धरून बसायच्या. मला जिन्यात गाठून म्हणाल्या, "क्रांतीताई, रोग वाढला व्हय ओ? एवढ्यात?"

दुसऱ्या दिवशी वहिनी जैन बस्तीत देवदर्शनाला गेल्या होत्या. मी ताक द्यायला म्हणून शिरले, तर अण्णा स्वयंपाकघरात चोरून कसलंसं चूर्ण पाण्यात ढवळत होते.

"हे काय ओ?"

"हळू बोला की! खाजकुइलीच्या बियांचं हाय. मोबाइलवर बघितलं. पेशींना गंज धरत न्हाई म्हणं. आधी ह्येचा हात मारायचा, मग वरनं गोळी."

"बाईंना विचारलं?"

"त्यांच्याकडं प्रायमर न्हाई, त्याच म्हणाल्या की!"

माझ्या पोटात काय राहतंय? वहिनी चपला काढत होत्या तोवर मी सगळं सांगून मोकळी. दुपारी आम्ही तिघं दवाखान्यात.

बाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, गोळीत जे औषध आहे तेच या बियांतही असतं. डोस जास्त झाला, म्हणून अंग उडतंय. चूर्ण बंद करा, गोळी आहे तशीच चालू ठेवा. आणि रोज चाला."

म्हणजे रोग वाढला नव्हता! वहिनींनी पदरात तोंड लपवलं. अण्णा माझ्याकडं खाऊ का गिळू असं बघत होते.

आता डुलणं थांबलंय. संध्याकाळी आम्ही तिघं चालायला निघतो. वहिनी दोन पावलं पुढं, अण्णांच्या शेजारी मी, राखणीला. काल कोपऱ्यावर अण्णा थबकले.

"क्रांतीताई, अंग शांत झालं. पण आतलं थांबलं न्हाई न्हवं?"

मी त्यांचा उजवा हात हातात धरला. वहिनींनी मागं वळून पाहिलं नाही. फक्त त्यांची चाल मंदावली.