डाव्या बाजूचं पदक

कुणीही भेटलं की काका आधी बुटांकडे बघत, मग तोंडाकडे. बूट चकचकीत असले तर "गुड मॉर्निंग." नसले तर नुसतंच "मॉर्निंग." तुमच्याही ओळखीत असं कुणी असेल, ज्यांच्या घराची बेल दाबण्याआधी आपण नकळत बुटांवरची धूळ झटकतो.

नवऱ्याच्या नोकरीमुळे दोन हजार तीनच्या सुमारास आम्ही पुण्याहून इंग्लंडमध्ये, वॉटफर्डला आलो. काकांच्या आणि आमच्या घरांमध्ये एकच लाकडी कुंपण होतं. काका मात्र जन्मले इथेच; त्यांचे वडील फार पूर्वी डॉक्टर म्हणून आले होते. "मराठी तेवढी आईची, बाकी सगळा माल इथला," असं ते स्वतःबद्दल सांगत. काकू लग्न होऊन साताऱ्याहून आलेल्या. काकांची ती आईकडची मराठी त्या शेवटपर्यंत दुरुस्त करत राहिल्या.

काका अठरा वर्षांचे झाले त्या काळी इथल्या प्रत्येक धडधाकट मुलाला सक्तीनं दोन वर्षं सैन्यात जावं लागे. सरकारी पाकीट आलं, काका गेले. बराकीत सावळे तेवढे एकटेच. सार्जंट रोज सकाळी विचारायचा, "तू इथे कसा?"

"तुम्हीच बोलावलंत, सर."

हे उत्तर त्यांना इतकं आवडलं, की पुढे ते कुठेही वापरत. आमच्याकडे जेवायला सांगितलेल्या वेळेच्या बरेच आधी येऊन उभे राहायचे. मी गडबडले, की म्हणायचे, "तूच बोलावलंस."

पुढे त्यांची तुकडी मलायाच्या, म्हणजे आताच्या मलेशियाच्या, जंगलात लढायला गेली. तिथे काकांना स्वयंपाकावर नेमलं. भारतीय, म्हणजे करी येणारच.

"मला चहापण येत नव्हता," काका सांगत.

"मग काय केलंत?"

"हळद टाकली. पिवळं दिसलं की ते खूश."

"अजून तसंच करतात," काकू आतून म्हणत.

मलायाचं एक पदक त्यांना मिळालं होतं. दर नोव्हेंबरात एका रविवारी गावातले माजी सैनिक रांगेनं युद्धस्मारकापर्यंत जातात. रीत अशी, की स्वतःचं पदक छातीवर डावीकडे लावायचं. माणूस वारला असेल तर त्याचं पदक घरच्यांनी उजवीकडे. काका डावीकडे लावून जात, आणि दरवर्षी कुणीतरी भला स्वयंसेवक जवळ येऊन हळूच सांगे, "वडिलांचं पदक उजवीकडे लावतात, सर."

"माझे वडील डॉक्टर होते," काका म्हणत. "त्यांनी फक्त पेशंट मारले."

तो ओशाळून माफी मागे. काका हसत, आणि रांगेत न जाता आमच्याशेजारी फुटपाथवर उभे राहत.

"अहो, कळलं ना आता त्यांना. जा की," काकू म्हणायच्या.

"आता ते सॉरी वाटतंय म्हणून मला रांगेत घेणार. सॉरी म्हणून कशाला जायचं?"

हे सगळं हसत चाले, पण घरी आल्यावर पदक काढून ते आधीच चकचकीत असलेले बूट पुन्हा पुसायला बसत.

एका वर्षी रांगेतला एक गोरा म्हातारा काठी टेकत आमच्यासमोर थांबला. त्यानं आधी काकांच्या बुटांकडे पाहिलं, मग पदकाकडे.

"मलाया?"

"मलाया."

"जळवा," तो म्हणाला.

"जळवा," काका म्हणाले.

"मग तिथे काय उभा राहिलास?" त्यानं शेजारच्याला कोपरानं सरकवलं.

काका रांगेत शिरले. परत आले तेव्हा थंडीनं नाक लाल झालं होतं. काकूंनी विचारलं, "आज कसे गेलात?"

"त्यानं बोलावलं."

त्यानंतर एकही वर्ष ते फुटपाथवर उभे राहिले नाहीत.

गेल्या उन्हाळ्यात काका झोपेतच गेले. नोव्हेंबरातल्या त्या रविवारी काकू साडीवर कोट घालून आमच्याकडे आल्या आणि पदक माझ्या हातात ठेवलं. त्यांच्या कोटावर पिन लावताना, इतकी वर्षं पाहिल्याच्या सवयीनं, माझा हात डावीकडे गेला. काकूंनी तो धरून उजवीकडे नेला.

स्मारकाशी काठीवाला म्हातारा उभा होता. त्यानं शेजारी एका माणसाची जागा मोकळी ठेवली होती. आम्ही फुटपाथवर थांबलो. एक तरुण स्वयंसेविका जवळ आली, पदकाकडे बघून हसली.

"तुम्ही योग्य बाजूला लावलंत. पुष्कळांचं चुकतं."

"हो," काकू म्हणाल्या. "ह्या वर्षी बरोबर आहे."