देवदारांच्या गावातली सही

असलं काही कुणी सांगू लागलं की आधी पुरावा मागणारी मी. इकडे परदेशात, फ्रीमाँटला सॉफ्टवेअर टेस्टिंग करते – संशय घेणं हेच माझं काम! म्हणूनच हे लिहायला इतके महिने लागले...

गेल्या समरमध्ये मी, नवरा निखिल आणि चार वर्षांची ईरा शिमल्याच्या वरच्या एका खेड्यात राहिलो. सफरचंदाच्या बागा आणि मागे देवदारांचं प्राचीन रान. देवाचं म्हणून तिथली काडीही कुणी उचलत नाही. भर दुपारी आत अंधारून आलेलं.

रान बघून परतलो तर होमस्टेच्या अम्मा दारात थबकल्या. चेक-इन त्यांच्या सुनेनं केलं होतं, त्यामुळे ही पहिलीच भेट.

"आ गए बेटा? अब मन कैसा है?"

"अम्माजी, मैं तो पहली बार आया हूँ," निखिल हसला.

त्यांनी माझ्याकडे, मग ईराकडे पाहिलं. "तुम तो कहते थे, बीवी और बच्ची दोनों नहीं रहीं... फिर ये कौन हैं?"

"मम्मा, व्हाय इज शी क्रायिंग?" ईरानं विचारलं.

अम्मांनी जुनं रजिस्टर काढलं. निखिलचं नाव, आमचाच पत्ता, आणि त्याची मराठी सही – 'ल'खाली त्याची नेहमीची दोन टिंबं. तारीख ईराच्या जन्मानंतरच्या बाराव्या दिवसाची.

"सही माझीच आहे," निखिल पांढरा पडला. "पण मी आलो नव्हतो गं."

माझा संशय थेट त्याच्यावर. त्या दिवशी मी आयसीयूत बेशुद्ध होते, ईराही काचेच्या पेटीत. तो कुठे होता, मला काय माहीत? आणि हे गाव त्यानंच का निवडलं?

फ्रीमाँटला परतल्यावर गुपचूप त्याचा जुना पासपोर्ट तपासला. त्या वर्षीचा एकही शिक्का नाही. पुण्याला आईला फोन केला. बाळंतपणासाठी ती इथे आली होती.

"अगं, निखिलराव हॉस्पिटलमधून हललेच नाहीत. त्या दिवशी डबा मीच नेला होता," आई म्हणाली.

शेवटी निखिलला सगळं सांगितलं, सॉरी म्हटलं. मग तो बोलू लागला.

"त्या दिवशी डॉक्टर म्हणाले, दोघींचंही सांगता येत नाही. तेव्हा वाटलं होतं... तुम्ही गेलात तर इथे राहायचं नाही. डोंगरात निघून जायचं, मोठ्या झाडांत, जिथे कुणी ओळखणार नाही."

याचं स्पष्टीकरण माझ्याकडे आजही नाही. रजिस्टरच्या त्या पानाचा फोटो फोनमध्ये आहे. मी तो डिलीट करत नाही, आणि निखिल तो बघत नाही.