लसणाचा वास न लागलेली चक्की

आमच्या घरात पाऊल टाकलं की आधी लसणाचा वास येतो, मग माणसं दिसतात. हा वास रत्नम्माकाकूच्या शेंगाचटणीचा. खाली काका-काकू राहतात, वर आम्ही; पण वास जिना चढून येतो, वाळत घातलेल्या कपड्यांत बसतो. एम.ए.च्या वर्गात शेजारी बसणारी ऋतुजा म्हणायची, तुझी वही उघडली की भाकरी आठवते.

चटणीच्या पुडीवर काकूचं नावच छापलेलं आहे. सोलापुरातल्या बऱ्याच दुकानांत ती पुडी टांगलेली दिसते आणि घेणारे धरूनच चालतात, की ही बाई पिढ्यान् पिढ्या इथलीच. खरं तर काकूचं माहेर चिकमगळूरकडचं, डोंगरातलं. तिच्या वडिलांची कॉफीची लहानशी बाग होती, आता ती तिचे थोरले भाऊ गुरुराजअण्णा बघतात. एका मठाच्या जत्रेत दोन म्हाताऱ्यांचं बोलणं झालं आणि सावलीत वाढलेली ही मुलगी सोलापूरच्या उन्हात आली. भाषेची अडचण नव्हती, आमच्या घरात कन्नड होतीच. अडचण होती ती तोंडाच्या चवीची. सासू निंगव्वा, म्हणजे माझी आज्जी, तिनं काकूला पहिल्या आठवड्यातच उखळापुढं बसवलं. शेंगदाण्याला तेल सुटेपर्यंत कुटायचं, मध्ये हात थांबवायचा नाही. काकू ते शिकली, आणि असं शिकली की पुढं आज्जीच लोकांना सांगायला लागली, चटणी हिच्याच हातची न्या.

पण कॉफी त्या घरात नव्हती. कॉफी उष्ण, ती तापात प्यायची, जायफळ घालून, असं आज्जीचं मत. काकूनं वाद घातला नाही. ती चहा प्यायला लागली.

वर्षातून एकदा कॉफी घरी यायची. गणपतीच्या आदल्या दिवशी आमच्याकडं हरतालिका असते, काकूच्या माहेरी त्या दिवशी गौरी. भावानं लग्न झालेल्या बहिणीला सुपातून वाण द्यायचं. ते त्याला बागिन म्हणतात. एका सुपात डाळ-तांदूळ, गूळ, हिरव्या बांगड्या, खण, आणि वर दुसरं सूप झाकण म्हणून. गुरुराजअण्णा रात्रभराचा प्रवास करून ते सूप घेऊन येत, आणि सुपात कॉफीच्या पावडरीचा एक डबाही असे. बागिन लगेच उघडायचं नसतं. ते गौरीपुढं ठेवायचं, गौर गेल्यावर सोडायचं. त्यामुळं दरवर्षी एक गंमत व्हायची: नवा डबा देवापुढं झाकलेला, आणि अण्णांना कॉफी मिळायची ती गेल्या वर्षीच्या डब्यातली. माहेरची पावडर म्हणून काकू ती चमच्या-चमच्यानं जपायची. दिवाळीपर्यंत पुरवायची, मग संक्रांतीपर्यंत, मग तळाशी थोडी राखून ठेवायची, अण्णा येतील म्हणून. तोवर त्या पावडरीला कॉफीचा वास राहिलेला नसे, डब्याचा लागलेला असे.

अण्णा अर्धा पेला पीत. काकू आणखी ओतायला वाकली की पेल्यावर तळहात ठेवत. मग हसून म्हणत, तुझ्या सोलापुरात चटणी मागावी, कॉफी मागू नये. सगळे हसायचे. काकूही हसायची, पण तो आडवा धरलेला तळहात तिला लागायचा. तिच्या घरी तिच्या भावानं पेला भरून घेतला नाही, एवढंच तिला दिसायचं.

ऋतुजानं शिकणं झाल्यावर विजापूर रोडला कॉफीचं छोटं दुकान काढलं. यंदा उन्हाळ्यात मी काकूला तिथं घेऊन गेले. ऋतुजानं समोरच बिया दळल्या. तो वास आला आणि काकू बोलता बोलता थांबली. नंतर रिक्षात तिनं सांगितलं, की तिची अव्वा, म्हणजे आई, दर सोमवारी लोखंडी तव्यात बिया भाजायची आणि खांबाला ठोकलेल्या हातचक्कीत दळायची. अव्वा गेली, चक्की गंजली. आता भाऊ चांगल्या बिया सगळ्या विकतो आणि घरात तालुक्याच्या दुकानातली चिकोरीच्या मुळांची भुकटी मिसळलेली पावडर आणतो. सुपातून येणारा डबाही त्याच दुकानातला. हे तिला माहीत होतं, पण तिनं कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

घरी आल्यावर तिनं अण्णांना फोन लावला. यंदा पावडर नको, बिया पाठव. आपल्याच बागेतल्या, भाजून पाठव. अण्णांनी विचारलं, दळशील कशात? काकू म्हणाली, ते मी बघते. फोन ठेवल्यावर मला म्हणाली, “यंदा अण्णा पेल्यावर हात ठेवणार न्हाय. बघ तू.”

श्रावण लागताना पार्सल आलं. काकू त्या दिवशी चटणीच्या मोठ्या ऑर्डरीत होती. पंचाक्षरीकाका घरी होते. काका कापडाच्या दुकानात नोकरी करतात, बोलायला गोड, आणि बायकोला मदत करायची त्यांना भारी हौस. काकूला चकित करावं म्हणून त्यांनी निम्म्या बिया पिशवीत घेतल्या आणि थेट कांडपावर गेले, जिथं ते दर आठवड्याला मिरची आणि मसाला कुटायला नेतात. सोलापुरात कुटायची वस्तू आणखी कुठं नेणार?

संध्याकाळी त्यांनी काकूच्या हातात पिशवी दिली. तिनं तोंड उघडून वास घेतला आणि सलग तीन शिंका दिल्या.

“कांडपावर नेलतं?”

“व्हय. पण तसं न्हाय नेलं. आधी किलोभर तांदूळ काढून घेतलं की. यंत्र स्वच्छ करून मग घातलं.”

“तांदूळ लाल निघालं आसंल.”

“पयलं जरा लाल निघालं,” काका म्हणाले. “नंतरचं गुलाबी.”

काकू रागावली नाही. ती खाली बसली आणि हसत राहिली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. त्यातलं किती हसण्याचं आणि किती तिखटाचं, कुणास ठाऊक. काकांनी मात्र ती कॉफी टाकू दिली नाही. रोज सकाळी आंघोळ, लिंगपूजा झाली की ते तीच प्यायचे, नाक पुसायचे आणि सर्दीला लई चांगली म्हणायचे. ही गोष्ट फोनवरून चिकमगळूरला पोचली. दाजींनी कॉफीची चटणी केली म्हणून अण्णांच्या घरी दोन दिवस हसणं चाललं. उरलेल्या निम्म्या बियांबद्दल काकूनं अवाक्षर काढलं नाही. त्या तिनं घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवल्या आणि डबा लसणापासून दूर, माझ्या खोलीत वर पाठवला.

मग चक्कीचा शोध सुरू झाला. घरातला मिक्सर बादच होता. त्याच्या भांड्याला लसूण असा मुरलेला, की त्यात बर्फ फिरवला तरी चटणी निघेल. मी म्हटलं, नवा छोटा मिक्सर घेऊ, पात्याचा. काकू म्हणाली, पातं वस्तू दळत नाही, तोडतं. मिक्सरमधल्या शेंगदाण्याचा काही भाग पीठ होतो, काही तुकडे राहतात, आणि भांडं तापतं ते वेगळंच. ऋतुजाचंही तेच म्हणणं. दोन दातेरी चकत्यांमध्ये बी चिरडली जाते तशी चक्की हवी. चकत्यांमधली फट ठेवाल तेवढाच कण पडतो. विजेवरची मोठी यंत्रं मी फोनवर दाखवली, पण रोज दोन-तीन पेल्यांसाठी एवढं धूड ओट्यावर कशाला, म्हणून ती मागं पडली. हातानं फिरवायची ठरली.

ऋतुजानं दुकानातल्या दोन हातचक्क्या आम्हाला वापरून बघायला दिल्या. एकीच्या चकत्या चिनी मातीच्या, दुसरीच्या पोलादी. दोन्हींत सारख्याच बिया दळल्या आणि पांढऱ्या ताटात पावडर पसरली. मातीच्या चक्कीचा दांडा फिरवताना किंचित डुलत होता. तिच्या पावडरीत धूळही होती आणि खडेही. पोलादीची बरीच एकसारखी. काकूनं दोन्ही चिमटीत धरून चोळल्या. कूट बघताना ती अशीच चोळते. पोलादी चक्की मागवली.

कॉफी करायची कशात, यावर माझा आग्रह कागदी गाळणीचा होता. शंकूसारखं भांडं, वरून बारीक धारेनं पाणी, खाली पारदर्शक तपकिरी कॉफी. मला ती बघायलाच आवडते. ऋतुजाकडून तेही आणलं. काकू पेलाभर शांतपणे प्यायली. म्हणाली चांगली आहे, फुलासारखी आहे. मग तिनं त्यात दूध घातलं, एक घोट घेतला आणि पेला माझ्याकडं सरकवला. पाणचट झाली होती. अण्णा दुधाची पितात, काकू दुधाची पिते. दुधापुढं टिकायला अर्क दाटच हवा. म्हणजे दोन मजली स्टीलचा फिल्टर: वरच्या डब्याच्या तळाला बारीक भोकं, त्यात पावडर, वरून गरम पाणी, खालच्या डब्यात थेंबाथेंबानं अर्क. माझं शंकूसारखं भांडं अभ्यासाच्या टेबलावर गेलं. तिथं ते अजून आहे, आणि मी दूध घालत नाही.

एवढं झाल्यावर कॉफी जमायला हवी होती. पण पहिल्या सकाळी फिल्टरमधून काहीच उतरलं नाही. काकूनं चक्की पार घट्ट आवळली होती. जितकं बारीक तितकं उत्तम, असा तिचा अंदाज. ओल्या पावडरीचा चिखल होऊन भोकं बुजली होती. ऋतुजानं फोनवर सांगितलं, चक्की दोन-तीन खटके सैल करा. दुसऱ्या दिवशी पाणी धाडकन खाली गेलं आणि अर्काऐवजी काळा चहा मिळाला. या सरावासाठी अण्णांच्या बियांना हात लावायचा नाही असं ठरलेलं. ऋतुजाच्या दुकानातल्या बिया चालू होत्या. काकू रोज एक खटका पुढं-मागं करायची. पाणीही बदलून पाहिलं. आमच्याकडं नळ रोज येत नाही. साठवणीच्या टाकीतल्या शिळ्या पाण्याची कॉफी मंद लागायची, नळ आला त्या दिवशीची उजळ. मग पाणी आलं की काकू सगळ्यात आधी एक कळशी कॉफीची म्हणून वेगळी भरायची. काका म्हणाले, देवाला सुद्धा हितं टाकीचं पाणी चालतंय. काकू म्हणाली, देव पेल्यावर हात ठेवत न्हाय.

एका सकाळी अर्क थेंब थेंब, अडखळल्याशिवाय उतरला. काकूनं मला खालून हाक मारली नाही. वासच वर आला. लसणाच्या वासाला बाजूला सारून आलेला, आमच्या जिन्यातला तो पहिला दुसरा वास. त्या खटक्यावर काकूनं लाल खूण केली. चक्कीत दुसरं काही घालायचं नाही, हे तिनं काकांना दोनदा सांगितलं, आणि ती देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर ठेवली. घरात लसणाचा वास न लागलेली तेवढी एकच वस्तू.

हरतालिकेच्या सकाळी गुरुराजअण्णा आले. सूप दिलं, गौरीपुढं ठेवलं, आंघोळ करून लिंगपूजेला बसले. काकूनं वरून डबा मागवून घेतला. तिनं बिया मोजल्या नाहीत, तळहातानंच घेतल्या. चक्की मांडीशी धरून फिरवू लागली तेव्हा आतल्या खोलीतला मंत्र क्षणभर अडखळला, मग पुन्हा सुरू झाला.

कपाळावर विभूती लावून अण्णा येऊन बसले. काकांनी आधीच विषय काढला. तुमच्यासाठी आमची स्पेशल राखून ठेवली हाय, म्हणाले, मिरचीची. अण्णांनी हात जोडले. काकूनं अर्कात उकळतं दूध घातलं, पेल्यातून वाटीत आणि वाटीतून पेल्यात दोनदा उंचावरून ओतलं, आणि फेसासकट पेला पुढं ठेवला.

अण्णांनी एक घोट घेतला. पेला खाली ठेवला नाही. दुसरा घोट घेऊन त्यांनी विचारलं, पावडर कुठल्या दुकानातली.

“दुकानातली न्हाय,” काकू म्हणाली. “तू पाठवलेल्या बिया.”

“त्यांची तर चटणी झाली ना?”

“निम्म्यांची झाली. निम्म्या मी ठेवल्या.”

 अण्णा कन्नडमध्ये, हळू आवाजात म्हणाले, की या वरच्या बांधाच्या झाडांच्या बिया आहेत. वेगळ्या काढून भाजून पाठवल्या त्या फक्त तिच्यासाठी, स्वतः चाखून बघितल्याच नाहीत. अव्वा गेल्यापासून आपल्या बागेची कॉफी आपल्या घरात कुणी प्यायलंच नाही.  काकू फिल्टरचं झाकण पुसत होती, ते स्वच्छच होतं.

पेला रिकामा झाला. काकू सवयीनं भांडं घेऊन वाकली आणि मधेच थांबली. अण्णांनी पेला तिच्यापुढं धरला होता.

“इन्नू स्वल्प हाकु, तंगी,” ते म्हणाले. अजून थोडी घाल, बहिणी.

काकूनं थोडी घातली नाही, काठोकाठ भरली. काकांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू त्या बिया त्यांनीच दळल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी, गणपती बसल्यावर, अण्णा परत निघाले. भावाला रिकाम्या हातानं पाठवायचं नाही, म्हणून काकू दरवर्षी चटणीच्या पुड्या बांधून देते. यंदा पुड्यांबरोबर स्टीलचा एक छोटा डबाही होता. उरलेल्या सगळ्या बिया सकाळी उठून तिनं त्याच लाल खुणेवर दळल्या होत्या. इतकी वर्षं कॉफी चिकमगळूरहून सोलापूरला यायची. त्या दिवशी ती पहिल्यांदा इथून तिकडं निघाली.

अण्णांनी झाकण उघडून वास घेतला आणि डबा पिशवीत न ठेवता हातातच धरला. रिक्षा सुरू झाल्यावर काकूनं वाकून सांगितलं, “पोचल्या पोचल्या वहिनीला करायला सांग. आणि लगेच संपवा. माझ्यासारखं जपून ठेवू नका.”